सीटखाली इंजिन, मागे भार: व्हॅन चालवण्याची रीत

नागपुरात व्हॅन चालवायला घेणाऱ्या बहुतेकांनी आधी मोटार चालवलेली असते आणि नेमकी तीच सवय त्यांना पहिल्या आठवड्यात अडचणीत आणते. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी जुन्या ओम्नी रस्त्यावर आहेत. २०१० मध्ये आलेली ईको आता तीच कामे करते. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते, ओढ मागच्या चाकांना मिळते आणि पुढचे नाक तोकडे असते. ओम्नीत तर चालक थेट पुढच्या चाकांवर बसलेला असतो. व्हॅन वळते कशी, थांबते कशी आणि तापते कशी, हे सारे या एका रचनेवरून ठरते, म्हणून प्रत्येक कृती तिच्याशी जोडून समजून घ्यावी.

गाडीत बसण्यापूर्वी एक फेरी मारून चारही टायर, जमिनीवरचे तेलाचे किंवा पाण्याचे डाग आणि मागचे दिवे पाहावेत. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी आणि गाडीच्या दारालगत चिकटवलेल्या तक्त्यात जो आकडा असेल तोच भरावा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हे आकडे अनेकदा वेगळे असतात. ऑइल पाहण्यासाठी पुढची सीट उचलावी लागते. त्या पोकळीत पुसायचे फडके, पाण्याची बाटली किंवा कागद कधीही ठेवू नयेत, कारण खाली तापलेले इंजिन असते.

क्लच पूर्ण दाबल्यावर डावा गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे-मागे करावी. आतला आरसा रिकाम्या व्हॅनमध्ये उपयोगी पडतो. माल किंवा माणसे भरली की तो निकामी होतो आणि सारी भिस्त बाहेरच्या दोन आरशांवर येते. जुन्या गाडीला डावा आरसा नसेल, तर इतर कोणत्याही खर्चाआधी तो बसवून घ्यावा. आपल्या शहरात दुचाकी डावीकडूनच सर्वांत जास्त पुढे काढल्या जातात. बाहेरच्या आरशात स्वतःच्या गाडीची बाजू फक्त एका पट्टीइतकी दिसावी, उरलेली सारी जागा रस्त्याला द्यावी. उजव्या हाताच्या दांडीवर इंडिकेटर आणि दिवे, डाव्या हाताच्या दांडीवर वायपर; नजर रस्त्यावरून न हलवता ही दोन्ही बोटांना सापडेपर्यंत उभ्या गाडीत सराव करावा. सीटबेल्ट लावल्याशिवाय किल्ली फिरवू नये. समोर बॉनेटचा आडोसा कमी असलेल्या गाडीत ही गोष्ट मोटारीपेक्षाही महत्त्वाची आहे.

किल्ली फिरवल्यावर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. ऑइलचा दिवा विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करावे. सुरुवातीला गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर आणि क्लच दाबलेला असावा. चढावर, उदाहरणार्थ सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर किंवा उड्डाणपुलावरच्या कोंडीत, गाडी मागे सरकू नये म्हणून हँडब्रेक ओढूनच पहिला गिअर टाकावा, क्लच हळूहळू सोडत गाडी पुढे जोर करू लागल्याचे जाणवले की मग हँडब्रेक खाली करावा. अर्ध्या क्लचवर गाडी धरून उभे राहण्याची सवय अनेकांना असते. तिने क्लच प्लेट जळते, आणि भरलेल्या व्हॅनमध्ये तर ती फार लवकर जळते.

वळणे हा शिकण्यातला सर्वांत अवघड भाग आहे, असे मला वाटते. पुढची चाके चालकाच्या खाली किंवा अगदी जवळ असल्याने मोटारीच्या अंदाजाने स्टेअरिंग फिरवल्यास वळण लवकर घेतले जाते. मग आतल्या बाजूचे मागचे चाक फुटपाथवर चढते किंवा दाराखालची पट्टी खांबाला घासते. इतवारी आणि गांधीबागच्या अरुंद गल्ल्यांत वळताना आपली सीट कोपऱ्याच्या रेषेत आल्यावरच स्टेअरिंग फिरवावे, आणि वळण पूर्ण होईपर्यंत आतल्या बाजूच्या आरशात मागचे चाक पाहत राहावे. रिव्हर्स घेताना पादचारी चालेल त्याहून अधिक वेग नको. मागची काच मालाने झाकली असेल, तर खाली उतरून मागे पाहून यावे, किंवा सोबतच्या माणसाला आरशात दिसेल अशा ठिकाणी उभे करावे. तो दिसेनासा झाला की तत्काळ थांबावे.

भार कसा लादला आहे, यावर गाडीचा स्वभाव बदलतो. संत्र्यांचे क्रेट भरताना जड माल तळाशी आणि पुढच्या सीटच्या पाठीला लागून ठेवावा, हलका वर. सारे वजन मागच्या दारापाशी साचले, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात तरंगल्यासारखे वाटते. माल दोरीने किंवा जाळीने बांधावा. एकदा मी थोड्याच अंतरासाठी क्रेट न बांधता निघालो होतो. चौकात अचानक ब्रेक लावावा लागला आणि वरचा क्रेट सीटच्या पाठीवर इतक्या जोराने आदळला की तो हातभर उंच असता, तर माझ्या मानेवर आला असता. याउलट रिकाम्या व्हॅनची मागची चाके हलकी असतात, म्हणून पावसात जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यास ती घसरतात. तसे झाल्यास ब्रेक न मारता ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडीची शेपूट ज्या बाजूला जात असेल त्याच बाजूला स्टेअरिंग हलकेच वळवावे.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढी जागा संपलेली असते. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेल्यावर आपण तिथे पोहोचायला किमान दोन सेकंद लागावेत, आणि पावसात किंवा भरलेल्या गाडीत चार. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि स्टेअरिंग वळवत राहावे. पायाखाली जाणवणारी थरथर स्वाभाविक असते. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत चाके जाम होऊन घसरू लागली, तर ब्रेक क्षणभर ढिला करून पुन्हा दाबावा.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे तापमानाचा काटा किंवा दिवा दर काही मिनिटांनी पाहावा. काटा वर चढू लागला, तर एसी बंद करून सावलीत थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये, आतली वाफ हात-तोंड भाजते. उन्हात चालून हवेचा दाब वाढलेला दिसला, तरी गरम टायरमधून हवा काढू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती कमी पडते आणि कमी हवेचा टायरच जास्त तापून फुटतो. बंद व्हॅनमध्ये मुलाला एक मिनिटही एकटे ठेवू नये. सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास आला, तर खिडक्या उघडून, कोणतेही बटण न दाबता, सर्वांना खाली उतरवावे. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी चुकवू नये.

पावसाळ्यात नरेंद्रनगरसारख्या रेल्वेखालच्या मार्गांत पाणी साचते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा सखल वस्त्यांतली कितीतरी वाहने बुडाली. तळ दिसत नसलेल्या पाण्यात गाडी घालू नये, आणि पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

सरकत्या दाराची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. गाडी उतारावर पुढच्या बाजूने खाली उभी असेल आणि दार पूर्ण मागे जाऊन अडकलेले नसेल, तर ते आपल्या वजनाने पुढे येऊन बोटे चिरडू शकते. मुलांना नेहमी फुटपाथच्या बाजूने उतरवावे आणि दार मोठ्या माणसानेच उघडावे.

समृद्धी महामार्ग नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून सुरू होतो. तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असली, तरी उंच आणि हलक्या व्हॅनला आडवा वारा ढकलतो, म्हणून मी भरलेली व्हॅन ८० च्या पुढे नेत नाही. सरळ, रिकाम्या रस्त्यावर डोळे जड होतात. दर दोन तासांनी थांबण्याच्या अधिकृत जागी उतरून चालावे. टायर फुटल्यास दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरावे, ब्रेकला न शिवता ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि अगदी डावीकडे न्यावी. धोक्याचे चारही दिवे लावून सर्व प्रवाशांना डावीकडच्या दाराने उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे करावे, त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि स्टेपनी बदलायला घेण्याआधी मदतीसाठी फोन करावा. कोणी जखमी असेल, तर १०८ वर आधी कळवावे.