पहिल्या वाटीपासून येळवसच्या पंगतीपर्यंत

शेजाऱ्याला द्यायची पहिली वाटी लहान असू द्या. नव्या कॉलनीत राहायला आलेल्या घरी पहिल्याच दिवशी डबा भरून पुरणपोळ्या पाठवल्या, तर देणाऱ्याला समाधान मिळतं, पण घेणाऱ्याला परतफेडीचं ओझं होतं. त्या घरातली बाई नोकरी करत असेल तर ‘आपणही आता एवढंच काहीतरी करायला हवं’ हे तिच्या डोक्यात आठवडाभर राहतं, आणि ती समोर यायचं टाळू लागते. समोरच्याला सहज परत करता येईल, एवढंच द्यावं. येणं-जाणं त्यानंच टिकतं.

सुरुवातीला धपाट्यांसारखं दुसरं काही नाही. ते पुन्हा गरम करावे लागत नाहीत, थंडीच्या दिवसांत दोन दिवस टिकतात आणि सोबतीला दही बहुतेक घरांत असतंच. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन आणि अर्धी वाटी कणीक घ्या. आठ-दहा लसूण पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे वाटून त्यात घाला. तीळ, हळद, मीठ, मूठभर कोथिंबीर घालून पीठ मळलं की मध्यम आकाराचे सात-आठ धपाटे होतात. ओल्या फडक्यावर थापा, मधे बोटानं भोक पाडा आणि फडक्यासकट तव्यावर उलटा टाका. कडा फाटत असतील तर ज्वारीचं पीठ जुनं झालंय असं समजा. अशा वेळी कोमट पाण्यानं मळा आणि कणीक थोडी वाढवा. बाहेर द्यायच्या धपाट्यांत कांदा घालू नका, तो पाणी सोडतो आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो. पूर्ण गार झाल्यावरच भरा, नाहीतर कोंडलेल्या वाफेनं धपाटे चिकट होतात. चार माणसांच्या घराला चार धपाटे आणि छोट्या वाटीत शेंगदाण्याची चटणी पुरे.

वेळ सांभाळा. सकाळी स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी किंवा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास दिलं तर ते त्या दिवशीच्या ताटात येतं. रात्री नऊला दिलेली वाटी फ्रीजमध्ये जाते.

भांडं स्टीलचं आणि नाव टाकलेलं असावं. हॉटेलच्या पार्सलचा प्लॅस्टिकचा डबा कोणी परत करत नाही, आणि भांडं परत करायला येणं हीच तर ओळखीची दुसरी पायरी आहे. आपल्याकडं आलेलं भांडं तीन-चार दिवसांत परत करा, रिकामं देऊ नका. मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, परसातला कढीपत्ता, काहीही चालतं. गावाकडून वानोळा आला असेल तर त्यातलंच थोडं घाला: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बीडकडची सीताफळं, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, उन्हाळ्यात चार खारोड्या किंवा कुरडया.

काय चालत नाही हे आधी सरळ विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही, न विचारता पाठवण्यात मात्र समोरच्याची पंचाईत होते. जैन घरांत कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि बरेचजण दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. माळकऱ्याच्या घरी एकादशी असते. नवरात्रात अनेक घरांत नऊ दिवसांचे उपवास असतात. रमजानमध्ये रोजा असलेल्या घरी फळं किंवा भजी पाठवायची तर ती सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचवा. कुणी दुसऱ्याच्या चुलीवरचं शिजवलेलं खात नसेल तर वाईट वाटून न घेता शिधा द्या. ईदला शेवया, साखर आणि सुकामेवा कोराच शेजारी देण्याची रीत त्यासाठीच आहे. ज्यांना तो मिळतो त्यांनी दिवाळीला तसाच शिधा परत पाठवावा.

चार-सहा महिने वाट्या फिरल्या की घरी, किंवा त्याहून चांगलं म्हणजे रानात, जेवायला बोलवा. लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागात त्यासाठी वेळ अमावस्येसारखा, म्हणजेच येळवससारखा, दिवस नाही. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीत येते, ज्वारी डोक्याबरोबर आलेली असते. शेतात कडब्याची कोप (छोटी खोपी) करून पूजा होते, आणि ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाल्यानं बोलवायचंच असतं. या पंगतीत परतफेडीचा हिशोब कुणी ठेवत नाही, म्हणून शेजाऱ्याला मोठं जेवण घालायचं तर याच दिवशी घाला.

निमंत्रण आठ दिवस आधी घरी जाऊन द्या, आदल्या संध्याकाळी पुन्हा आठवण करा, आणि कुणी कुणाच्या गाडीत बसायचं तेही तेव्हाच ठरवा. शेताचा रस्ता नवख्याला सापडत नाही, म्हणून पाहुण्यांच्या सोबत घरचं कुणीतरी असावं.

वीस माणसांच्या आंबिलीला चारशे ग्रॅम ज्वारीचं पीठ दोन लिटर आंबट ताकात आदल्या संध्याकाळी भिजवा. थंडीत आंबायला दहा-बारा तास लागतात, म्हणून भांडं चुलीच्या उबेला ठेवा. पहाटे तीन लिटर पाण्याला मीठ घालून उकळी आणा, भिजवलेलं पीठ बारीक धारेनं सोडा आणि हात थांबू देऊ नका. हात थांबला की तळाला लागतं, आणि त्या करपट वासावर इलाज नाही. दहा-बारा मिनिटं शिजल्यावर उतरवा. पूर्ण गार झाल्यावर लसूण, आलं, मिरची, जिऱ्याचं वाटण, कोथिंबीर आणि लिटरभर ताजं ताक मिसळा. गरम असतानाच ताक घातलं तर ते फाटतं. आंबील गार होताना घट्ट होते, म्हणून चुलीवर ती हवी त्यापेक्षा पातळच दिसायला हवी. मातीच्या बिंदग्यात भरा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नका, ते कळकतं आणि पोट बिघडतं.

भज्जी म्हणजे ओले दाणे आणि पालेभाजीची बेसन लावलेली आंबट भाजी. तिला तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे आणि वालाचे मिळून दोन किलो ओले दाणे, पाव किलो शेंगदाणे, मेथी आणि चुक्याच्या चार जुड्या, कांद्याची पात, अर्धा किलो बेसन आणि पाव किलो चिंच लागते. पानचिंचोलीची चिंच मिळाली तर तीच घ्या, निलंगा तालुक्यातल्या या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पावशेर तेलात लसूण-मिरचीचा ठेचा परता, त्यावर पालेभाजी टाका, मग दाणे, शेंगदाणे आणि चार लिटर पाणी. दाणे बोटानं दाबले जाईपर्यंत चिंच घालू नका. आंबटात दाणे शिजत नाहीत, कितीही जाळ घातला तरी दडस राहतात. बेसन गार चिंचेच्या कोळात गुठळी मोडून कालवा, मग ओता आणि पंधरा मिनिटं रटरटू द्या. बेसन कच्चं राहिलं तर जिभेला पिठूळ लागतं.

दोन किलो दाण्यांसाठी शेंगा साडेचार-पाच किलो लागतात. त्या सोलायला आदल्या संध्याकाळी शेजारणीला नक्की बोलवा. ‘तुम्ही कशाला, पाहुण्या आहात’ असं म्हणू नका. पंगतीत बसून जेवणारा पाहुणाच राहतो. दोन तास सुपात शेंगा सोलणारी बाई दुसऱ्या दिवशी वाढायला आपणहून उठते. बाजरीच्या भाकरी आणि उंडे (पिठाचे उकडलेले गोळे) पहाटे होतात. तेव्हा मात्र कुणाला बोलवू नका, घरच्यांनीच उरकावं.

पूजा होऊन रानात चर, म्हणजे नैवेद्यातला भाग, शिंपल्यावरच पान वाढतात, तोवर बारा-एक वाजतात. लेकरांसाठी बोरं, पेरू, हरभऱ्याचं ढाळं आधीच काढून ठेवा. सावलीला दोन सतरंज्या आणि माणशी तीन लिटर पाणी न्या, विहिरीवर विसंबू नका. म्हाताऱ्यांसाठी दोन खुर्च्याही असू द्या, मांडी घालता येत नाही म्हणून अनेकजण येणंच टाळतात.

जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडं भज्जी आणि आंबील त्याच संध्याकाळी पोचवा. भज्जी आधी खळखळ उकळून घ्या. आंबील तेवढ्यात आणखी आंबट झालेली असते, तिच्यात गार पाणी आणि चिमूटभर मीठ घालून सारखी करा, आणि देतानाच सांगा, आज रात्रीच संपवा म्हणून.