कॉलेजच्या आइस हॉकी टीमच्या लाइन्स कशा लावायच्या: बेंचचं दार उघडणाऱ्याकडून

आधीच सांगतो, मला स्केटिंग आजही धड येत नाही. मी सांगलीकडचा, बर्फ म्हणजे गोळ्याचा एवढीच ओळख, मग एमएसला मिशिगनला गेलो आणि रूममेट निघाला कॉलेजच्या क्लब टीममधला. त्यांना बेंचचं दार उघडा-लावायला माणूस हवा होता (हे खरंच एक काम असतं, हसू नका), मी गेलो आणि दोन सीझन तेच केलं. दुसऱ्या सीझनला कोच लाइन्सचा कागद माझ्याकडून लिहून घ्यायला लागला, मग हळूहळू विचारायलाही लागला की १७ नंबरला कुणाबरोबर ठेवू. त्यातून जे समजलं ते इथे लिहितोय. अमेरिकेत शिकताना कुणी अशा टीमच्या आसपास असाल किंवा पोरं तिकडे हॉकी खेळत असतील तर उपयोग होईल.

लाइन म्हणजे काय ते खो-खो खेळलेल्याला दोन मिनिटांत कळतं. बचावाचे नऊ जण एकदम आत जात नाहीत ना, तिघातिघांच्या तुकड्या पाडतात, आणि पहिल्या तुकडीत कोण, तिसरीत कोण यावरून सर आणि पोरांची जुंपते. इथेही तेच. बर्फावर गोली (म्हणजे गोलकीपर), दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड असतात, मधे सेंटर आणि दोन्हीकडे एकेक विंगर. हे तिघं म्हणजे लाइन. फरक एवढाच की खो-खोत तुकडी बाद होते, इथे तुकडी दमते. पंचेचाळीस सेकंद जीव तोडून स्केटिंग केलं की माणूस संपतो, मग बेंचवर यायचं आणि पुढची तुकडी आत, तेही खेळ न थांबता.

१. आधी माणसं मोजा

एनसीएएच्या (म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या) मोठ्या टीमकडे साधारण १२ फॉरवर्ड म्हणजे चार लाइन्स आणि ६ डिफेन्समन म्हणजे तीन जोड्या असतात, वर एखादा जास्तीचा. क्लब टीमचं तसं नसतं. कुणाची मिडटर्म, कुणाची गाडी बंद, कुणी स्वतःच भाडं भरायला रात्रपाळी करतोय, त्यामुळे बाहेरगावच्या मॅचला आम्ही कैकदा ९ फॉरवर्ड आणि ५ डिफेन्स घेऊन गेलोय. मॅच २० मिनिटांच्या तीन पिरियडची. चार लाइन्स असतील तर ४५ सेकंद खेळून सव्वादोन मिनिटं बसायला मिळतं, तीन असतील तर दीड मिनिट, आणि दोनच उरल्या तर जेवढं खेळलात तेवढंच बसणं, तिसऱ्या पिरियडला पोरं अक्षरशः स्टिकवर टेकून उभी राहतात. म्हणून कागदावर चार लाइन्स लिहायच्या आधी बसमध्ये डोकी मोजा.

प्रत्येक नावापुढे हात लिहा, लेफ्ट शॉट की राइट शॉट, म्हणजे स्टिक अंगाच्या डावीकडे धरून मारतो की उजवीकडे. लिहायचा हात आणि स्टिकचा हात यांचा फारसा संबंध नसतो, उजव्या हाताने लिहिणारे बरेच जण लेफ्ट शॉट असतात, तेव्हा अंदाज करू नका, विचारा.

२. सेंटर पक्के करा

सेंटर फेसऑफ घेतो (खेळ सुरू करताना रेफ्री दोघांच्या मधे पक टाकतो ते; पक म्हणजे रबराची चकती, इथला बॉल), आणि पक आपल्या गोलजवळ आला की तोच खाली उतरून दोन डिफेन्समनना हात देतो. विंगर तेव्हा वर असतात, समोरच्या डिफेन्समनवर लक्ष ठेवून. म्हणजे सगळ्यात जास्त पळापळ सेंटरची, आणि खाली यायचा कंटाळा असलेला माणूस तिथे चालत नाही, मग तो कितीही गोल मारो. आमच्याकडे सगळ्यात सुंदर हात असलेल्या पोराला पहिले चार आठवडे सेंटरला ठेवला होता. पुढे जायचा वाऱ्यासारखा आणि परत यायचा तो सोमवारी पाचच्या लोकलमधून उतरल्यासारखा. विंगला टाकल्यावर तोही खुश आणि गोलीपण खुश.

तीन लाइन्स असतील तर तीन सेंटर लिहा आणि चौथा कुठल्यातरी लाइनमध्ये विंगला लपवा. फेसऑफवर रेफ्री सेंटरला हाकलू शकतो, तेव्हा जागेवर उभं राहणारं कुणीतरी लागतं. जमलं तर तो उलट हाताचा असू दे, कारण बऱ्याच जणांना आपल्या हाताच्या बाजूच्या सर्कलमध्ये फेसऑफ सोपा जातो.

३. जोड्या शोधा, तिघं नंतर

माझं म्हणाल तर सगळी मेख इथे आहे. तिघं एकदम जुळवायला गेलात तर डोकं फुटेल. त्यापेक्षा प्रॅक्टिसला बघत बसा की कोणते दोघं एकमेकांकडे न बघता पास देतात. अशी जोडी सापडली की तिला हात लावायचा नाही, तिसरा बदलत राहायचा.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेतल्या मेन राज्याच्या युनिव्हर्सिटीचं. एनसीएएची १९९३ ची फायनल, समोर लेक सुपीरियर स्टेट, दोन पिरियडनंतर मेन ४-२ ने मागे. तिसऱ्या पिरियडला जिम माँटगोमेरीने लागोपाठ तीन गोल मारले आणि तिन्हीला पास पॉल कारियाचा, मॅच ५-४. कारिया तेव्हा फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाला होता, त्याच सीझनला त्याचे १०० पॉइंट झाले आणि हॉबी बेकर अवॉर्ड (कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळवणारा तो पहिला फ्रेशमन ठरला. (पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेला पास.) आख्ख्या सीझनला ती टीम एकच मॅच हरली होती. आता कागदावर बघितलं तर दोन्ही स्टार एकाच लाइनला कशाला, वाटून टाका असं कुणीही म्हणेल. पण ती जोडी होती, जोडी फोडायची नसते.

मग तिसरा कसा निवडायचा? दोघं पक खेळवणारे असतील तर तिसरा पक काढून आणणारा हवा. कोपऱ्यात बोर्डला (रिंकभोवतीच्या भिंतीला) चिकटून, समोरच्याच्या पायाखालून, दोन दणके खाऊन पक बाहेर काढणारा. आमचा २२ नंबर तसा होता, सीझनमध्ये गोल मोजून चार, पण त्याला ज्या लाइनला टाकू ती चालायची. सुरुवातीला मी त्याला चौथ्या लाइनला लिहायचो कारण आकडे तसेच दिसायचे, कोच न बोलता पट्टी उचलून वर लावायचा. (पट्टी म्हणजे पांढऱ्या टेपचा तुकडा, त्यावर मार्करने नंबर, लाइन्सच्या फळ्यावर चिकटवायचा. सीझनच्या शेवटी २२ ची पट्टी इतक्यांदा उचलली होती की चिकटेनाच.)

कधीकधी उरलेल्यांचीच लाइन जमून जाते. १९८० च्या ऑलिम्पिकला अमेरिकेने सोव्हिएत टीमला हरवलं ती बहुतेक कॉलेजची पोरं, कोच हर्ब ब्रुक्स, तोही मिनेसोटा युनिव्हर्सिटीचा. त्यात पावेलिच, श्नायडर आणि हॅरिंग्टन अशी एक लाइन, तिघंही उत्तर मिनेसोटाच्या आयर्न रेंजमधले, म्हणजे खाणींचा भाग. पॉवर प्लेला (समोरच्याचा एक जण पेनल्टीवर बाहेर असताना) यांना घ्यायचे नाहीत, म्हणून त्यांचं नाव पडलं कोनहेड्स, प्रॅक्टिसच्या कोनसारखे नुसते उभे. आणि सोव्हिएतविरुद्ध अमेरिकेचा पहिला गोल श्नायडरचा, आणि कॅप्टन एरुझिओनीने मारलेल्या जिंकून देणाऱ्या गोलला असिस्ट पावेलिच आणि हॅरिंग्टनचे. एकाच मातीतली माणसं होती, त्यांना एकमेकांचं कळायचं.

४. सगळे चांगले एका लाइनला घालायचे का

यावर वाद कधीच संपणार नाही. २०२३-२४ ला बॉस्टन कॉलेजने विल स्मिथ, रायन लेनर्ड आणि गेब पेरो या तीन फ्रेशमनना एका लाइनला ठेवलं, कारण ते आधी अमेरिकेच्या ज्युनियर प्रोग्रॅममध्ये एकत्र खेळून आलेले. स्मिथने ७१ पॉइंट काढले, देशात सगळ्यात जास्त. त्यांनी चौथा मोठा गोल मारणारा, कटर गोथिए, दुसऱ्या लाइनला ठेवला होता, म्हणजे समोरच्याने एका लाइनला अडवलं तरी दुसरी आहेच. एवढं करून फायनलला डेन्व्हरने त्यांना २-० ने हरवलं, गोली मॅट डेव्हिसने ३५ सेव्ह केले. गोली असा उभा राहिला तर तुमचा कागद फाडून फेकला तरी चालेल.

क्लब टीमसाठी माझं मत सरळ आहे, चांगले तीन असतील तर दोघं एकत्र आणि एक वेगळा. कारण आपल्याकडे दुसऱ्या लाइनला गोथिए नसतो.

५. डिफेन्सच्या जोड्या

इथे पटकन. शक्यतो एक लेफ्ट शॉट, एक राइट शॉट, म्हणजे दोघांनाही बोर्डजवळून पक फोरहँडने काढता येतो. राइट शॉट डिफेन्समन कमी मिळतात, मिळाला तर जपा. पुढे पळणाऱ्याबरोबर मागे थांबणारा द्या, दोघं पळणारे एकत्र टाकलेत तर गोली शिव्या घालेल. पाचच असतील तर चौघांच्या दोन जोड्या पक्क्या आणि पाचवा आळीपाळीने, सगळ्यात दमलेल्याच्या जागी.

६. पेनल्टीचा हिशोब आधीच लावा

नवीन माणूस हे विसरतोच. समोरच्याचा एक जण दोन मिनिटं बाहेर गेला की आपला पॉवर प्ले, तिथे वेगळे पाच जातात, बहुतेक वेगवेगळ्या लाइन्समधले चांगले हात. आपला गेला की पेनल्टी किल, चार जण, मेहनती आणि शॉटसमोर झोपणारे. आता दोन मिनिटं संपली, पॉवर प्लेचे पाच धापा टाकत बेंचवर, आणि पुढची लाइन कुठली? पहिल्या लाइनचा सेंटर आत्ताच आला, दुसरीचा एक विंगर पण आत्ताच आला. इथे गोंधळ झाला नाही असं होतच नाही. म्हणून कागदावर आधीच लिहून ठेवा, पॉवर प्लेनंतर कोण, किलनंतर कोण. त्यासाठी एक लाइन अशी ठेवा जिच्यातलं कुणीच पॉवर प्लेला नाही, ती कायम ताजी असते. वरच्या कोनहेड्सचं तेच होतं बघा.

७. घरची मॅच, बाहेरची मॅच

खेळ थांबला की पाहुण्या टीमने आधी माणसं पाठवायची, यजमान टीम बघून पाठवणार. त्याला लास्ट चेंज म्हणतात आणि तो मोठा फायदा आहे, त्यांच्या सगळ्यात घातक लाइनसमोर आपली अडवणारी लाइन टाकता येते. बाहेर गेलात की हे विसरा आणि लाइन्स जरा सारख्या ताकदीच्या करा, म्हणजे कुणासमोर कोण आलं याने फार बिघडत नाही. कॉलेजमध्ये बहुतेक शुक्रवार-शनिवार त्याच टीमशी दोन मॅच असतात, तेव्हा शुक्रवारी रात्री हॉटेलात बसून त्यांच्या लाइन्स लिहून काढल्या तर शनिवारचा कागद अर्धा तयार.

अजून एक, दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात आणि आपलं बेंच आपल्या गोलपासून लांब जातं. दमलेली लाइन तिकडे अडकली की येऊच शकत नाही. वर घाबरून आयसिंग केलं, म्हणजे आपल्या अर्ध्यातून पक थेट त्यांच्या गोलरेषेपलीकडे मारला, तर नियमाने बदलही करता येत नाही, त्याच मेलेल्या पोरांनी फेसऑफला उभं राहायचं. दुसऱ्या पिरियडला शिफ्ट (एका वेळची बर्फावरची पाळी) पाच-दहा सेकंद छोटी ठेवा, बेंचवरून ओरडून सांगा.

८. जमायला वेळ द्या

प्रॅक्टिसला प्रत्येक लाइनला एका रंगाची जर्सी द्या, लाल तिघं, पिवळे तिघं, म्हणजे पोरं आपोआप आपापल्या माणसांना शोधतात. आमची प्रॅक्टिस रात्री साडेदहाला असायची कारण तेव्हाच रिंक परवडायची, आणि बारा वाजताही पिवळे तिघं पार्किंगमध्ये उभे राहून त्या एका पासवर भांडत असायचे. असं भांडण दिसलं की समजायचं लाइन जमतेय. मला गप्प बसणाऱ्यांची जास्त काळजी वाटायची.

एका वाईट पिरियडवरून सगळं ढवळू नका. गोल होत नाहीत पण शॉट जातायत, पक त्यांच्याच बाजूला आहे, तर थांबा. शॉटही नाहीत आणि सारखं आपल्याच बाजूला अडकतायत तर बदला, पण आधी फक्त तिसरा. दुसऱ्या पिरियडनंतरही तेच चाललं असेल तर मग करा काय करायचं ते.

९. बेंचवरचं दार

कागद कितीही भारी असला तरी बदल नीट झाला नाही तर वाया. कोच पुढची लाइन सेंटरच्या नावाने पुकारतो, ते तिघं कठड्यावर बसतात, आणि प्रत्येकाने आपण कुणाच्या जागी जातोय ते मोठ्याने म्हणायचं. एकदा मी दार लवकर उघडलं, आमचा विंगर उडी मारून आत, ज्याच्या जागी गेला तो अजून लांब, आणि पक नेमका त्याच्या स्केटला लागला. सहा स्केटर बर्फावर, दोन मिनिटांची पेनल्टी, त्यावर गोल खाल्ला. कोच काही बोलला नाही, नुसतं दाराकडे बघितलं. पुढे मी दाराच्या कडीवरून हात काढायच्या आधी येणाऱ्याचा नंबर तोंडाने म्हणायला लागलो.

शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलने मागे असाल तर गोली बाहेर काढून सहावा स्केटर टाकतात, त्या सहा जणांची नावं मॅचच्या आधीच लिहून ठेवा, तेव्हा विचार करायला कुणाचंच डोकं जागेवर नसतं. मी ती चिठ्ठी डाव्या ग्लोव्हमध्ये कोंबून ठेवायचो. खिशात ठेवली होती एकदा, रिंकच्या थंडीत ग्लोव्ह काढून, जॅकेटची चेन उघडून चिठ्ठी शोधेपर्यंत हॉर्न वाजला.