एझिमलाच्या नौदल अकादमीला निघण्यापूर्वी : सीमाभागातील मुलामुलींसाठी तयारीची यादी

बेळगाव हे लष्कराचे गाव आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, मिलिटरी स्कूल आणि सांब्र्याचे वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे भरतीची माहिती इथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना असते. नौदलातील अधिकाऱ्याची वाट मात्र समुद्र घाटाच्या पलीकडेच असूनही फारशी कोणाला ठाऊक नसते. मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि गेली काही वर्षे या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलांबरोबर बसतो. परीक्षेची पुस्तके एका दिवसात विकत मिळतात. पोहणे, भाषा आणि कागदपत्रे यांना मात्र वर्षे लागतात, म्हणून ही यादी मी त्यांच्याभोवती लिहीत आहे.

पहिली गोष्ट एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागतो त्या आठवड्यातच ठरवावी लागते. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, भूदलात जाण्यासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, परंतु नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तीनही विषय असावे लागतात. तेव्हा पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, वाणिज्य घेऊन पुढे बघू, असे म्हणू नये. यूपीएससीची एनडीए परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि वयाची मर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे आहे. या परीक्षेतून निवड झाल्यास तीन वर्षे खडकवासल्यास आणि त्यानंतर एक वर्ष केरळमधील कन्नूर जिल्ह्यातील एझिमलाच्या भारतीय नौदल अकादमीत काढावे लागते. दुसरी वाट बारावीनंतर थेट एझिमलाला बी.टेक.साठी जाण्याची आहे. तीत जेईई मेनचा क्रमांक पाहतात आणि बारावीला या तीन विषयांत मिळून किमान ७० टक्के, तर दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के गुण असावे लागतात. दोन्हींचा अभ्यास बराचसा एकच असल्याने दोन्ही अर्ज भरावेत. मुलींनीही भरावेत, कारण २०२२ पासून एनडीएत मुलींच्या तुकड्या दाखल होत आहेत.

दुसरी गोष्ट कागदांची आहे आणि आपल्या भागात ती इतरांपेक्षा अधिक किचकट आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मार्क्स कार्डावर वडिलांचे नाव नुसत्या आद्याक्षराने होते, आधार कार्डावर ते पूर्ण होते आणि जन्मदाखल्यावर कन्नडमधून रोमन लिपीत उतरवताना आडनावाचे एक अक्षर बदलले होते. तीन कागदांवर तीन माणसे झाली. मुलगा लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि मुलाखतीच्या तयारीचे पंधरा दिवस वडिलांनी व त्याने प्रतिज्ञापत्र, शाळेचे पत्र आणि दुरुस्तीचे अर्ज यांत घालवले. त्याच्या चेहऱ्यावरचा थकवा मला अजून आठवतो. म्हणून दहावीचे अर्ज भरले जातात तेव्हाच सर्व दाखले एका टेबलावर शेजारीशेजारी मांडावेत, विद्यार्थ्याचे, वडिलांचे आणि आईचे नाव अक्षरश: पडताळावे आणि चूक दिसल्यास मुख्याध्यापकांमार्फत लगेच दुरुस्तीला द्यावे. जो दाखला केवळ कन्नडमध्ये आहे त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवावे.

एनडीएच्या लेखी परीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. गणित ३०० गुणांचे असते आणि सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची असून त्यांतले २०० गुण इंग्रजीचे असतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो, म्हणून अंदाजाने खुणा करण्याची सवय सराव परीक्षांतच मोडावी.

मात्र सेवा निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, मुलाखत एकटीच ९०० गुणांची आहे, म्हणजे लेखी परीक्षेइतकीच मोठी. ती पाच दिवस चालते. त्यात साठ शब्द एकामागून एक दाखवतात आणि प्रत्येकावर वाक्य लिहायला पंधरा सेकंद मिळतात. आपला मुलगा शब्द इंग्रजीत वाचतो, विचार मराठीत करतो आणि वाक्य पुन्हा इंग्रजीत नेतो, तोवर पुढचा शब्द आलेला असतो. बुद्धी कमी पडते असे नाही, वेळ पुरत नाही. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला. पीयूच्या पहिल्या वर्षापासून रोज रात्री दिवसभरात घडलेल्या एका गोष्टीवर दहा ओळी थेट इंग्रजीत लिहाव्यात आणि त्या मोठ्याने वाचाव्यात. व्याकरण नंतर सुधारता येते. स्वत:विषयी लिहिण्याच्या कागदावर आईवडील, शिक्षक आणि मित्र आपल्याबद्दल काय म्हणतात हेही विचारतात. ते क्लासच्या वहीतून उतरवू नये. खरोखर आईला विचारावे, शिक्षकांना विचारावे. घरी मराठी, बाजारात कन्नड, बसस्थानकावर हिंदी बोलत वाढलेल्या मुलाने ते मुलाखतीत संकोच न करता सांगावे, कारण जहाजावर सगळ्या राज्यांची माणसे एकत्र राहतात. बेंगळुरूला बोलावणे आल्यास राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एक दिवस आधी पोहोचावे.

आता पाणी. आपल्या खेड्यांतली बहुतेक मुले पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीत सूर मारायला आणि हातपाय मारत कडेला यायला पुरेसे धैर्य लागते, पण तिथे श्वास कोणी पाहत नाही. गोवावेसच्या जलतरण तलावावर एका मुलाला मी पहिल्यांदा घेऊन गेलो, तेव्हा तो गावचा नामांकित पोहणारा पंचवीस मीटरनंतर मान वर काढून थांबला आणि कठडा इतका घट्ट धरला की बोटांची पेरे पांढरी पडली. पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडणे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. सहा आठवड्यांत तो न थांबता दोनशे मीटर पोहू लागला. ज्याला पोहता येत नाही त्यालाही प्रशिक्षणात शिकवतात, परंतु ते शिकणे बाकीच्यांच्या विश्रांतीच्या वेळेत होते, आणि नव्या कॅडेटला विश्रांती आधीच कमी मिळते. म्हणून पीयूच्या दोन्ही उन्हाळ्यांत नियमित तलावावर जावे, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उंच फळीवरून उडी मारण्याचा सराव करावा आणि मलप्रभेच्या डोहात मात्र एकट्याने कधीही उतरू नये. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते. तिचेच नाव असलेल्या शिडाच्या नौकेतून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे मी प्रत्येक मुलाला सांगतो, कारण समुद्र आपला नाही ही समजूत त्यामुळे सैल होते.

शरीराची तपासणी निवड झाल्यावर होते, पण तिची चौकशी आधी करून घ्यावी. रंगांधळेपणावर उपचार नाही, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ही तपासणी दहावीतच करावी, म्हणजे मुलाने नाहक स्वप्न उराशी धरून दोन वर्षे घालवू नयेत. उंची मुलांसाठी किमान १५७ आणि मुलींसाठी १५२ सेंटिमीटर लागते. दातांची डागडुजी आणि कानातील मळ काढणे ही साधी कामे तपासणीच्या आठवडाभर आधी नव्हे, तर महिनाभर आधी आटोपावीत. पंधरा मिनिटांत २.४ किलोमीटर धावणे, किमान वीस जोर व वीस सिटअप, आठ चिनअप आणि तीन-चार मीटर दोर चढणे इतकी तयारी दाखल होण्यापूर्वी असावी, असे जाहिरातीतच सांगितलेले असते. सकाळी किल्ल्याच्या भोवती धावणाऱ्यांनी घड्याळ लावून धावावे.

निघण्याच्या आधी एक दिवस काढून कारवारला जाऊन यावे. किनाऱ्यावर ठेवलेल्या आयएनएस चपळ या क्षेपणास्त्र नौकेत चढल्यावर दारे किती अरुंद आणि जिने किती उभे असतात हे पुस्तकापेक्षा लवकर कळते, आणि आईवडिलांनाही मुलगा कुठे राहणार आहे याची कल्पना येते. पुढे एझिमलानंतर कोचीच्या प्रशिक्षण नौकांवर त्याला महिनोन्महिने अशाच जागेत राहायचे असते. ते सोसत नाही म्हणून स्वेच्छेने प्रशिक्षण सोडल्यास खर्चाची भरपाई द्यावी लागते, हा बंधपत्राचा मजकूर वडिलांनी सही करण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचून दाखवावा.

एझिमलासाठी पय्यन्नूर स्थानकावर उतरावे लागते. लोंढ्याहून मडगाव आणि पुढे कोकण रेल्वेने जाता येते. ट्रंकेवर नाव रंगाने लिहून घ्यावे, मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवावेत, त्यांचे दोन झेरॉक्स संच वेगळ्या पिशवीत ठेवावेत, आणि ट्रंकेच्या कुलपाची दुसरी किल्ली आईकडे द्यावी.