दसऱ्यानंतर अंडी बसवायची? आधी कोंबडा पारखा

पाऊस ओसरला आणि खुराड्यातली ओल वाळली, की आपल्या कोल्हापूर भागात गावरान कोंबड्या अंड्यांवर बसवायची घाई सुरू होते. ती करायलाच हवी, हा पिल्लं काढायचा चांगला काळ आहे. पण वडगावच्या बाजारातून नुसता झळाळता तुर्रेबाज कोंबडा उचलून आणू नका. गावरानात रंग ठरलेला नसतो. अंग आणि स्वभाव बघा.

कोंबडा हातात घेऊन छातीचं हाड बोटानं चाचपा, ते सरळ लागलं पाहिजे. कानाजवळ धरा, श्वासात घरघर नको. पायाचे खवले उचकटून चुन्यासारखे पांढरे झाले असतील तर ती खरूज आहे, घरात आणू नका.

असील, म्हणजे झुंजीची जात, म्हणून देत असतील तर ताठ उभं अंग, लांब मान, बुटका तुरा, घट्ट पिसं आणि चोचीखाली लोंबणारं मांस जवळजवळ नाही, हे सगळं जुळलं पाहिजे. असील अंडी कमी देते, पण पिल्लं जिवापाड सांभाळते. कडकनाथ ही काळ्या मांसाची जात, त्याची चोच उघडून जीभ बघा, तीही काळपट हवी. त्याची अंडी मात्र काळी नसतात. काळी अंडी सांगणारा फसवतोय. 2019 साली कडकनाथची अंडी-पक्षी आम्हीच परत विकत घेऊ, या आमिषानं आपल्या भागातल्या कितीतरी घरांची पुंजी बुडाली, म्हणून हे जीव तोडून सांगतोय.

आता स्वभाव. सकाळी मूठभर ज्वारी टाकून लांब उभे राहा. चांगला कोंबडा दाणा टिपायच्या आधी टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो आणि त्यांना खाऊ देतो. माझ्याकडं एक लालबुंद, देखणा कोंबडा होता. त्यानं शेजारच्या पोराची पोटरी फोडली, तरी रूपाच्या मोहात मी त्याची पैदास ठेवली. पुढं त्याचे दोन पठ्ठे तसेच माणसांवर धावू लागले. माणसावर येणारा कोंबडा कितीही देखणा असो, पैदाशीला ठेवू नका. आणि असीलची झुंज लावणं हा गुन्हा आहे.

कोंबडी निवडताना पिसांवरून ठरवू नका. या दिवसांत ती पिसं झाडते, बोडकी दिसते. उलट उशिरा पिसं झाडणारी बहुधा अंड्याला चांगली असते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या कोंबडीखाली हात घाला. पिसं फुलवून ओरडली, टोचली, पण जागा सोडली नाही, तर तिच्याखाली दहा-बारा अंडी बिनधास्त ठेवा. उठून पळणारीला या खेपेला राहू द्या. कडकनाथ सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी गावरानाखाली बसवा.

आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जुना काढून नवा सोडला असेल, तर तीन आठवडे बसवणीची अंडी धरू नका. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बीज दोन-अडीच आठवडे टिकतं.