शाळेचा डबा भरताना या चुका टाळा

नाशिकमध्ये सकाळची शाळा असलेल्या घरांत पहाटे साडेपाचलाच तवा तापतो, आणि त्यावरची पोळी मूल खाते ती मात्र मोठ्या सुट्टीत, तीन-चार तासांनी. या मधल्या वेळात अन्नाचे काय होते याचा विचार न करताच आपण डबा भरतो आणि तो अर्धा परत आला की मुलाला बोल लावतो. माझी मुलगी पहिलीत असताना मीही हेच केले. नंतर परत आलेला डबा रोज नीट पाहू लागले, तेव्हा बहुतेक चुका माझ्याच असल्याचे लक्षात आले.

गरम अन्नावर लगेच झाकण लावणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज होणारी चूक आहे. वाफाळत्या पोळीवर झाकण बसले की वाफेचे पाणी होऊन ते पोळीवरच पडते, पोळी चिवट आणि ओलसर होते, भाजीला कोंदट वास येतो आणि दमट, कोमट अन्नात जिवाणू झपाट्याने वाढतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान त्यांच्या वाढीला पोषक असते, म्हणूनच शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेच्या डब्यात ही मर्यादा पाळणे अवघड आहे, हे मान्य करूनच पदार्थ निवडायला हवेत. पोळी आणि परतलेली कोरडी भाजी तुलनेने टिकतात. भात, उकडलेला बटाटा, पनीर आणि ओल्या खोबऱ्याची चटणी लवकर बिघडतात. भाताच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे, कारण त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढू लागतात. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी घालून तो डब्यात देणे मी याच कारणाने पूर्ण बंद केले.

उपाय सोपा आहे. पोळ्या आणि भाजी ताटात पसरून दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावी, पोळ्या स्वच्छ सुती रुमालात गुंडाळाव्यात आणि मगच झाकण लावावे. खिचडीसारखा पदार्थ द्यायचाच असेल, तर उष्णता धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या डब्यात आधी उकळते पाणी भरून पाच-दहा मिनिटे ठेवावे, ते ओतून द्यावे आणि खिचडी अगदी कढत असतानाच त्यात भरावी.

ऋतू न पाहणे

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा अनेकदा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा पोळीला लावलेले तूप थिजते आणि मुलाच्या टाळ्याला चिकटते. त्या दिवसांत तुपाऐवजी कणकेतच तेलाचे मोहन घालावे. याउलट मार्च-एप्रिलच्या उन्हात दहीभात आणि ओल्या चटण्या टाळाव्यात. त्यांच्या जागी शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी चालते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल वर्गात असेल आणि डबे वाटून खाल्ले जात असतील, तर तेवढी चौकशी आधी अवश्य करावी.

पिठूळ पदार्थांवरच डबा उरकणे

सोमवारी पोहे, मंगळवारी साबुदाण्याची खिचडी, बुधवारी जॅम लावलेली पोळी, असा आठवडा गेला तर पोट भरते, पण प्रथिने फारशी मिळत नाहीत. मोड आलेली मटकी कोरडी परतून, मुगाचे धिरडे किंवा डाळीचे पीठ घातलेले थालीपीठ आठवड्यातून निदान तीनदा तरी असावे. उसळीबरोबर पेरूची फोड किंवा वर पिळलेले लिंबू द्यावे, कारण कडधान्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते.

आपल्याच जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या भागांत पिकणारी नागली शहरातल्या डब्यांत फार कमी दिसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या कितीतरी पट. मात्र नागलीची भाकरी सुट्टीपर्यंत कडक होते आणि मूल ती परत आणते. त्याऐवजी नागलीच्या पिठात थोडे उडदाचे पीठ कालवून धिरडे करावे, ते मऊ राहते. किंवा गूळ-तुपातला छोटा लाडू द्यावा.

लहान मुलांना अख्खी द्राक्षे देणे

हंगामात निफाड-दिंडोरीची द्राक्षे घरोघरी असतात आणि ती धुऊन डब्यात टाकणे सोयीचे वाटते. परंतु पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अख्खे, गोल द्राक्ष घट्ट अडकू शकते. बालवाडीतल्या मुलासाठी प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करावेत. अख्खे शेंगदाणेही देऊ नयेत, त्यांचा कूट वापरावा. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत, पुसून कोरडी करावीत आणि वेगळ्या कप्प्यात ठेवावीत.

पाकिटबंद खाऊचा आधार घेणे

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये केला आहे. तेच पदार्थ आपण घरून डब्यात घालून पाठवले, तर त्या नियमाचा उपयोग उरत नाही.

डबा मुलाच्या हातात देऊन न पाहणे

एखाद्या रविवारी मुलाला शाळेचाच डबा भरून द्यावा, घड्याळ लावून सुट्टीइतकाच वेळ द्यावा आणि मदत न करता पाहावे. झाकण उघडते का, पोळीचा तुकडा एका हाताने तुटतो का, किती घास होतात, हे सारे पंधरा मिनिटांत कळते. माझ्या मुलीला झाकणाची कडीच उघडत नव्हती आणि बाईंना सांगण्याचा तिला संकोच वाटत होता. पोळीचे लहान गुंडाळे करून दिल्यावर आणि दोनाऐवजी दीड पोळी दिल्यावर डबा रिकामा येऊ लागला.

एवढे करूनही मूल ‘डब्याला वास येतो’ म्हणत असेल, तर झाकणातली रबरी रिंग काढून पाहावी. तिच्या खाचेत तेलाचा आणि अन्नाचा थर साचतो, जो वरवर घासून निघत नाही. आठवड्यातून एकदा ती वेगळी काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी, पूर्ण वाळवावी आणि ती चिकट किंवा काळपट झाली असेल तर बदलावी.