सामायिक तबेल्यात नालबंदाच्या भेटीचे नियोजन

ज्या तबेल्यात आठ-दहा मालकांचे घोडे महिन्याच्या हिशेबाने सांभाळले जातात, तेथे चारा, चंदी (धान्याचा खुराक), खरारा आणि लीद काढणे ही कामे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे नोकर, रोजच्या सवयीने पार पाडतात. नालबंदीचे, म्हणजे खूर तासून त्याला नाल ठोकण्याचे काम मात्र बाहेरून येणाऱ्या कारागिरावर, नालबंदावर अवलंबून असते आणि तबेल्याची घडी विस्कटते ती बहुतेक वेळा याच कामात. मराठवाड्यात ही अडचण जास्त जाणवते, कारण आठवडी बाजारात बैलांना पत्र्या मारणारे लोक अजून भेटत असले तरी घोड्याच्या खुराची जाण असलेले नालबंद मोजकेच उरले आहेत आणि त्यांतले बरेचसे दुचाकीला हत्यारांची पेटी बांधून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरत असतात. एका घोड्यासाठी कोणी ऐंशी-शंभर किलोमीटर येत नाही. सात-आठ घोड्यांचे काम एका दिवसात मिळणार असेल, तर तोच माणूस आनंदाने येतो आणि पुढची तारीखही देतो.

म्हणून पहिला निर्णय असा घ्यावा की नालबंदाला फोन एकच व्यक्ती करील. प्रत्येक मालक आपापल्या सोयीने बोलावू लागला, की नालबंद दोन घोड्यांसाठी येतो, उरलेल्या पाच जणांना त्याचा पत्ताही लागत नाही आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तीच धावपळ होते. तबेला चालवणाऱ्याने किंवा मालकांनी मिळून निवडलेल्या एकाने ही जबाबदारी स्वीकारावी आणि ती महिन्यामहिन्याला बदलू नये.

बैलांना पत्र्या मारणाऱ्यालाच घोड्याचे काम सांगण्याचा मोह येथे अनेकांना होतो, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. बैलाला दोरांनी पाडून, चारही पाय बांधून, दुभंगलेल्या खुराच्या दोन भागांना दोन पातळ पत्र्या मारतात. घोड्याचे काम उभ्यानेच होते, त्याचे खूर अखंड असते आणि खिळा खुराच्या तळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या रेषेच्या बाहेरूनच वर जावा लागतो. तो आत सरकला, तर थेट जिवंत भागाला टोचतो. पत्री मारणारा आपल्या कामात कितीही तरबेज असला, तरी हे काम वेगळे आहे. घोड्याला पाडून नाल मारण्याची सूचना कोणी केली, तर तेथेच काम थांबवावे.

तारीख खुरावरून ठरवावी

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. नाल असलेल्या खुराची वाढ झिजून कमी होत नाही. पुढचे टोक लांबत जाते, टाच दबते आणि सगळा ताण मागच्या शिरांवर येतो. त्यामुळे नाल लावलेल्या घोड्यांसाठी चार ते सहा आठवड्यांचे आणि बिननालीच्या, केवळ खूर तासायच्या घोड्यांसाठी सहा ते आठ आठवड्यांचे अंतर धरावे. नाल अजून घट्ट बसलेली आहे, मग घाई कशाला, असे मालक म्हणतात. नाल घट्ट असली, तरी तिच्याखालचे खूर वाढलेले असते, हे त्यांना खुराला हात लावून दाखवावे. शब्दांपेक्षा ते लवकर पटते.

आम्ही दर सहाव्या आठवड्याचा एक ठरावीक वार निवडला आहे. त्याच दिवशी बिननालीचे घोडेही उभे करतो, कारण दोन वेगळी वेळापत्रके सांभाळण्यापेक्षा एखाद्या घोड्याचे खूर थोडे आधी तासले गेलेले बरे. ज्या दोन घोड्यांच्या खुरांची वाढ वेगाने होते, त्यांच्यासाठी चौथ्या आठवड्यात नालबंद जवळच्या गावी येणार आहे का, हे आधीच विचारून ठेवतो.

ऋतूंचा विचार येथे टाळता येत नाही. जून ते सप्टेंबर काळी माती चिखल होऊन खुरात गच्च बसते, खुराची बाहेरची भिंत नरम पडते, खिळ्यांची पकड सुटते आणि नाली पडण्याचे प्रमाण वाढते. खुराच्या तळातील मऊ त्रिकोणी भाग काळा पडून त्याला कुजका वास येऊ लागतो, तोही याच काळात. याउलट एप्रिल-मे महिन्यांत खूर इतके कडक होते, की खिळा ठोकताना कडा फुटतात. सर्वांत वाईट स्थिती म्हणजे दिवसातून दोनदा ओले आणि दोनदा कोरडे होणारे खूर. उन्हाळ्यात रोज पाय धुऊन घोडा मोकळा सोडण्यापेक्षा, नालबंद येण्याच्या आदल्या संध्याकाळी तासभर ओल्या गोणपाटावर उभा केलेला मला अधिक योग्य वाटतो.

लग्नसराईच्या तारखा तर वेगळ्याच लिहून ठेवाव्यात. तुळशीचे लग्न लागले, की वरातीच्या घोड्यांना मागणी सुरू होते, आणि डिसेंबर-जानेवारीत लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेला घोडे नेणारे मालक असतील, तर त्यांचीही घाई त्याच सुमारास असते. कोणत्याही वरातीच्या, यात्रेच्या किंवा लांबच्या प्रवासाच्या किमान चार दिवस आधी नालबंदी झालेली असावी. हा नियम मी एकदा मोडला आहे. एका नुकऱ्या (पांढऱ्या) घोडीचा मालक लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच नाल हवी म्हणून अडून बसला आणि मी होकार दिला. दिवस मावळत होता, उजेड कमी होता, तरी काम उरकले. दुसऱ्या दिवशी घोडी सिमेंटच्या रस्त्यावर दोन तास चालली आणि परत आल्यावर पुढचा उजवा पाय टेकवेना. खूर हाताला गरम लागत होते आणि घोट्याच्या मागे बोटे ठेवली, तर नाडी जोरात उडत होती. नालबंद रात्रीच परत आला. त्याने छोट्या हातोडीने एकेका खिळ्यावर हलके टिचकी मारत पाहिले. बाहेरच्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्यावर घोडीने पाय झटकला. "मालक, हा जवळ बसलाय," एवढेच तो म्हणाला आणि खिळा ओढून काढला, तेव्हा तो ओला होता. पशुवैद्यकांनी भोक स्वच्छ केले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, आणि घोडी दहा दिवस उभीच राहिली. चूक अंधारात घाईने मारलेल्या खिळ्याची होती, पण अंधार आणि घाई दोन्ही माझ्या होकारामुळे आल्या होत्या. चार दिवसांचे अंतर असते, तर ती तबेल्यातच लंगडली असती, वरातीच्या गर्दीत नव्हे.

वही आणि संमती

प्रत्येक घोड्यासाठी वहीत एक पान ठेवावे. त्यावर मागील भेटीची तारीख, चारही पायांना नाल आहे की फक्त पुढच्या दोन पायांना, नालेचा आकार, नवी लावली की जुनीच पुन्हा ठोकली, कोणता पाय उचलायला घोडा कुरकुर करतो आणि मधल्या काळात काय दिसले, हे सर्व लिहावे. आमच्याकडील एका कुमैत (तांबूस-तपकिरी) घोड्याच्या पानावर मोतद्दाराच्या अक्षरात (नालबंदाला आम्ही उस्ताद म्हणतो) असे आहे: "मागचा डावा, आतल्या बाजूची नाल झिजते. चालताना टाच टाचेला लागते. उस्तादांना दाखवणे." अशी एक ओळ नालबंदाला घोड्याच्या सबंध वर्षापेक्षा अधिक सांगते, कारण तो घोडा दीड महिन्यातून एकदा पाहतो आणि मोतद्दार रोज पाहतो.

मालकांकडून तीन गोष्टी सुरुवातीलाच लेखी घ्याव्यात: नाल लावायची की केवळ तासायचे, याचा निर्णय कोणाचा, मालक फोनवर भेटला नाही, तर पडलेली नाल बसवण्याची परवानगी आहे का, आणि पैसे केव्हा, कोणत्या मार्गाने द्यायचे. नालबंदाला त्याच दिवशी, काम संपताच पूर्ण रक्कम मिळाली पाहिजे. सात मालकांकडे सात वेळा हात पसरण्याची वेळ त्याच्यावर आणू नये. तबेल्याने रक्कम एकत्र द्यावी आणि मालकांच्या महिन्याच्या बिलात जोडावी. प्रवासखर्च सर्वांत समान वाटावा, मग एखाद्याच्या घोड्याचे केवळ तासायचेच काम असो. यावरून वाद होतात, म्हणून हे आधीच ठरलेले असावे.

भेटीच्या दोन दिवस आधी मालकांना यादी पाठवावी आणि त्या दिवशी कोणाचाही घोडा फेरीला जाणार नाही, हे स्पष्ट सांगावे.

जागा आणि क्रम

कामाची जागा सपाट, कडक आणि कोरडी हवी. कोबा किंवा फरशी उत्तम. मुरुमाची जमीन चालते, पण मऊ मातीवर उभा असलेला घोडा खरा किती सरळ उभा आहे, ते नालबंदाला कळत नाही. डोक्यावर सावली, बाजूने भरपूर उजेड आणि मागे भिंत असावी. एप्रिल ते जून काम सकाळी साडेसहाला सुरू करून साडेदहापर्यंत संपवावे. नंतरचा उन्हाचा तडाखा घोड्यालाही सहन होत नाही आणि भट्टीजवळ वाकून काम करणाऱ्या माणसालाही. चार नाली बसवायला तास-सव्वा तास, नुसते तासायला अर्धा तास, असा हिशेब धरून यादी आखावी. पावसाळ्यात पाय आदल्या रात्रीपासून कोरड्या जागी ठेवावेत. चिखलाने माखलेले खूर नालबंदाच्या हातात देणे हा त्याच्या वेळेचा अपमान आहे.

क्रम लावताना मी लंगडणारा किंवा शंकास्पद घोडा पहिला ठेवतो, कारण तेव्हा नालबंदाचे हात ताजे असतात आणि गरज पडल्यास पशुवैद्यकांना फोन करायला दिवस उरलेला असतो. त्यानंतर शांत घोडे, आणि शिंगरू किंवा नवखा घोडा एखाद्या जुन्या शांत घोडीच्या शेजारी उभा करून. शिंगराला रोज पाय उचलण्याची सवय पहिल्या महिन्यापासून लावावी. ते मोतद्दाराचे काम आहे, नालबंदाचे नव्हे. लाथा मारणाऱ्या घोड्याला मारून, ओठ पिळून किंवा चार जणांनी दाबून उभे करू नये. त्याला गुंगीचे औषध द्यायचे असेल, तर ते पशुवैद्यकांनीच द्यावे आणि त्यासाठी वेगळी वेळ ठरवावी.

घोडा धरणारा एकच माणूस असावा आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा. त्याने नालबंद ज्या बाजूला वाकला आहे, त्याच बाजूला डोक्याजवळ उभे राहावे, म्हणजे घोडा बिथरलाच, तर त्याचे डोके आपल्याकडे ओढता येते आणि मागचा भाग नालबंदापासून दूर फिरतो. दोर बांधायचाच असेल, तर एका हिसक्यात सुटणाऱ्या गाठीने बांधावा. कुत्री आणि मुले दूर ठेवावीत.

रोगांची काळजी

नालबंद एका दिवशी तीन तबेल्यांत जातो, म्हणजे त्याचे हात, कपडे आणि दोर तीन तबेल्यांत जातात. हात धुण्यासाठी साबण-पाणी आणि हत्यारे पुसण्यासाठी जंतुनाशकाची बादली आपणच तयार ठेवावी. त्याने मागण्याची वाट पाहू नये. प्रत्येक घोड्याची म्होरकी स्वतंत्र असावी. नाकातून घट्ट स्राव येणारा, घशाखाली गाठ आलेला किंवा अंगावर फोड उठलेला घोडा त्या दिवशी उभा करू नये. ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात; घोड्यांचा हा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो आणि 2009 च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यानुसार त्याची माहिती पशुसंवर्धन विभागाला देणे बंधनकारक आहे. बाहेरून नुकताच आणलेला घोडा वेगळा ठेवावा आणि त्याच्या पायांचे काम सर्वांत शेवटी करावे. धनुर्वाताची लस सर्व घोड्यांना वेळेवर दिलेली असावी, कारण खिळ्याच्या लहानशा जखमेतूनही हा रोग होतो आणि घोडा त्याला फार लवकर बळी पडतो.

काही गोष्टी नालबंदाच्या नव्हेत. पुढचे दोन्ही पाय गरम असून घोडा भार टाचांवर टाकत मागे रेलत असेल, तर सहाव्या आठवड्याची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवावे. चंदी किंवा गूळ जास्त झाल्यावर लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतील जिवंत भागाचा दाह, असा दिसतो. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये या भागासाठी मोठा आधार आहेत.

काम संपल्यावर

नालबंद निघण्याआधी प्रत्येक घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत चालवून आणि थोडा दुडकी पळवून पाहावा. खुराच्या भिंतीवर मुरडलेली खिळ्यांची टोके एका रेषेत आणि गुळगुळीत आहेत का, नालेची कड टाचेपर्यंत पुरते का, खुराच्या बाहेर लोंबत तर नाही ना, हे बोट फिरवून तपासावे. शंका असेल, तर त्याच क्षणी आदराने विचारावे; चांगला नालबंद अशा प्रश्नाने नाराज होत नाही.

नंतर जागा झाडून काढावी आणि जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक दोरीला बांधून संपूर्ण फरशीवर फिरवावे. आमच्याकडे दरवेळी चार-पाच तुटके खिळे त्याला चिकटून येतात, आणि झाडूने ते कधीच निघालेले नसतात. पुढचे दोन दिवस सकाळी प्रत्येक खुराला हात लावून उष्णता पाहावी आणि वहीत नोंदवावी.

पुढील तारीख मात्र नालबंद हत्यारे पेटीत भरत असतानाच ठरवावी. आमच्या फळ्यावर ती खडूने लिहिली जाते आणि दुचाकी सुरू करण्याआधी उस्ताद ती एकदा मोठ्याने वाचतात.