जुनं आर्केड मशीन बिघडलं? चिप उपसण्याआधी या चुका टाळा

पडद्यावर नुसता कचरा दिसतोय किंवा खेळ मध्येच रीसेट होतोय, की सगळा संशय चिप बसवलेल्या मुख्य बोर्डावर येतो आणि सोल्डरिंग गन बाहेर निघते. घाई करू नका. बऱ्याचदा दोष बोर्डाच्या अलीकडेच असतो, पॉवरमध्ये नाहीतर कनेक्टरमध्ये.

सगळ्यात मोठी चूक व्होल्टेज मोजण्यात होते. मल्टिमीटरची टोकं पॉवर सप्लायवर लावायची, 5.0 दिसलं की "पॉवर ठीक आहे" म्हणायचं. पण काळवंडलेल्या कनेक्टरमधून जाताना त्यातले दोन-तीन दशांश व्होल्ट वाटेतच जिरतात. त्या काळातल्या साध्या टीटीएल (5 व्होल्टवर चालणाऱ्या लॉजिक) चिपना किमान 4.75 व्होल्ट लागतात. त्याखाली गेलं की बोर्ड वेडंवाकडं वागायला लागतं. म्हणून बोर्डावरच मोजा. चौदा पायांच्या बहुतेक टीटीएल चिपमध्ये सातवा पाय ग्राउंड आणि चौदावा 5 व्होल्टचा असतो. तिथे कमी दिसलं म्हणून लगेच सप्लायचा स्क्रू पिळून व्होल्टेज वाढवू नका. आधी कनेक्टर साफ करा. नाहीतर उद्या पिन नीट टेकली की तेच वाढीव व्होल्टेज थेट चिपवर येईल. साफ करायला पेन्सिलचा खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. सँडपेपर अजिबात नको, वरचा मुलामाच निघून जातो.

जामा कनेक्टर (आर्केड बोर्ड मशीनला जोडणारा प्रमाणित कनेक्टर) उलटा बसवणं ही दुसरी महागडी चूक. दोन्ही बाजूंना 28-28 पट्ट्या असल्यामुळे तो उलटाही सहज बसतो आणि 12 व्होल्ट भलत्याच पिनवर जातात. सातव्या जागेवरची खाच आणि तिथली 'की' (उलटं बसू न देणारा छोटा अडसर) जुळवूनच बसवा. ही 'की' हरवली असेल तर आधी ती आणा.

बॅटरीबाबत सरसकट नियम लावू नका. विल्यम्सच्या 'डिफेंडर' आणि 'रोबोट्रॉन'मध्ये हाय स्कोअर जपणारे तीन एए सेल असतात. ते गळले की बोर्डावरचे खालचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतात, तेव्हा ते लगेच काढलेले बरे. कॅपकॉमच्या सीपीएस-2 बोर्डावर मात्र उलटं आहे. तिथली बॅटरी खेळाचा सांकेतिक कोड उलगडणारी डिजिटल किल्ली मेमरीत धरून ठेवते. ती नुसती उपटली तर खेळ सुरूच होणार नाही. नवी बॅटरी आणि सगळी तयारी हाताशी असेल तेव्हाच बदला.

पिक्चर ट्यूबशी मात्र प्रयोग नकोत. चालू असताना तिथे 20 हजार व्होल्टच्या आसपास ताण असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो उरतो. डिस्चार्ज कसं करायचं हे जाणणारं माणूस शेजारी असल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका.

'पॅकमॅन' (1980) वळणावर अडखळतो अशी तक्रार नेहमी येते. बोर्ड बिचारं ठणठणीत असतं, कोणीतरी आठ दिशांची जॉयस्टिक बसवलेली असते. तिरपा दाब पडला की एकदम दोन दिशा लागतात. चार दिशांची जॉयस्टिक लावा, किंवा खालची रिस्ट्रिक्टर प्लेट (दांडा कोणत्या दिशांना हलेल ते ठरवणारी पट्टी) फिरवता येत असेल तर फिरवा. 'डाँकी काँग'लाही हेच लागू.

नव्या मशीनमध्ये बहुधा पीसीच असतो. टायटोच्या 2004 च्या टाइप एक्समध्ये तर विंडोज एक्सपी एम्बेडेड आहे. तिथे आधी पंख्यातली धूळ आणि हार्ड डिस्क बघा. डिस्क चालतेय तोवरच तिची प्रत काढून ठेवा.